जॉर्ज पीबडी नेमका काय धंदा करत होते?

मृण्मयी_लंडन

नमस्कार मंडळी. लंडनच्या सिटी भागात रॉयल एक्स्चेंजजवळ खुर्चीत बसलेल्या एका गृहस्थांचा ब्राँझचा पुतळा आहे. कामावर जाता-येता रोज दिसतो. नाव जॉर्ज पीबडी. माझी एक सहकारी पीबडींच्या नावाच्या वसाहतीत राहते, फिकट विटांच्या जुन्या इमारती आणि मध्ये सामाईक अंगण. तिच्याकडे जाऊन आल्यावर मी या माणसाबद्दल वाचायला लागले.

ते अमेरिकन होते. मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ डॅन्व्हर्स नावाच्या लहानशा गावचे. घरची गरिबी, शाळा चारेक वर्षं, अकराव्या वर्षी दुकानात कामाला. आणि हाच मुलगा पुढे लंडनमध्ये मोठा बँकर होतो, राणी व्हिक्टोरिया त्याला आभाराचं पत्र पाठवते! मधला भाग मात्र कुठेच नीट सापडत नाही. "व्यापारात यश मिळवले व नंतर बँकिंगकडे वळले" एवढ्या एका वाक्यात सगळे तीस-चाळीस वर्षं उरकतात.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. त्यांचा धंदा नेमका काय होता, म्हणजे सकाळी कचेरीत बसून ते करत काय होते? आणि दुसरं, स्वतःवर खर्च करताना इतका हात आखडता घेणारा माणूस निम्मी संपत्ती जिवंतपणी का वाटून टाकतो? माहीत असणाऱ्यांनी जरा सविस्तर लिहा, ही विनंती.

हुंडीदप्तर

मृण्मयी, माझी उभी नोकरी परदेशी व्यापाराच्या हुंड्या आणि पतपत्रं तपासण्यात गेली. त्यामुळे पीबडी मला जवळचा वाटतो. त्याच्या देणग्यांवर सगळे लिहितात, तो कमवायचा कसा हे फार थोडे सांगतात. मी तिथूनच सुरुवात करतो.

बालपण तुम्ही लिहिलंच आहे. त्यात एक भर घालतो, कारण पुढचा स्वभाव त्यातून आलाय असं मला वाटतं. १८११ साली वडील वारले. घर गहाण होतं. त्याच वर्षी न्यूबरीपोर्ट, जिथे तो थोरल्या भावाच्या दुकानात काम करत होता, ते गाव मोठ्या आगीत होरपळलं. पुढच्या वर्षी काकांबरोबर तो दक्षिणेला जॉर्जटाउनला गेला, वॉशिंग्टनच्या शेजारी. तिथून पैसे पाठवून त्याने गहाण सोडवलं, भावंडांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. विशीतल्या पोराने पहिली मोठी कामगिरी केली ती दुसऱ्याने करून ठेवलेलं कर्ज फेडण्याची. हे लक्षात असू द्या.

जॉर्जटाउनला इलायशा रिग्ज हा व्यापारी भेटला. १८१४ साली दोघांची भागीदारी झाली, पीबडी तेव्हा १९ वर्षांचा होता. भांडवल मुख्यतः रिग्जचं, धावपळ याची. १८१५ मध्ये पेढी बाल्टिमोरला हलली. घाऊक कापडाचा धंदा: इंग्लंडहून माल आणायचा आणि आसपासच्या राज्यांतल्या दुकानदारांना उधारीवर द्यायचा. १८२७ साली पीबडी खरेदीसाठी पहिल्यांदा इंग्लंडला गेला. दहा वर्षांनी तो लंडनमध्येच राहायला आला.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. समजा, बाल्टिमोरच्या दुकानदाराला मँचेस्टरचं कापड हवंय. माल जहाजाने पोचून, विकला जाऊन पैसे यायला चार-सहा महिने लागणार. मँचेस्टरचा गिरणीवाला म्हणतो, हा बाल्टिमोरचा माणूस कोण, मी का थांबू? इथे पीबडी मध्ये येतो. गिरणीवाला मुदतीची हुंडी लिहितो आणि लंडनमध्ये पीबडी ती स्वीकारतो, म्हणजे मुदत भरली की पैसे मी देईन असं सही करून सांगतो. ती सही पडली की कागदाचं रूपच पालटतं. गिरणीवाला तो त्याच आठवड्यात लंडनच्या बाजारात वटवून, थोडी सूट सोसून, रोख पैसे घेऊन मोकळा. बाल्टिमोरवाला माल विकून मुदतीच्या आत पीबडीकडे पैसे पाठवतो. पीबडीला सहीबद्दल दलाली मिळते.

सगळं सुरळीत चाललं तर या व्यवहारात त्याचा पैसा गुंततच नाही. गुंततं ते नाव. म्हणूनच सकाळी कचेरीत बसून तो मुख्यतः पत्रं वाचायचा. कोणत्या बंदरातला कोणता व्यापारी किती उधारीवर चाललाय, कोणाचं जहाज अडकलंय, कापसाचा भाव कुठे चाललाय. अटलांटिकपलीकडची बातमी तेव्हा जहाजाच्या वेगाने यायची. अमेरिकेतली माणसं लंडनमधल्या कुणाहीपेक्षा त्याला जास्त ठाऊक होती, आणि विकण्यासारखं त्याच्याकडे तेच होतं. दुकानाच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक ओळखायला शिकलेल्या मुलाला हे काम जमलं याचं मला जराही नवल वाटत नाही. शाळा कमी पडली असेल, तालीम कमी पडली नव्हती.

दुसरा धंदा कर्जरोख्यांचा. अमेरिकेतली राज्यं कालवे आणि रेल्वे बांधायला कर्ज काढत होती आणि ते रोखे विकायची जागा म्हणजे लंडन. मेरीलँड राज्याने ८० लाख डॉलरचे रोखे विकायला जे प्रतिनिधी नेमले त्यात पीबडी होता. १८३७ साली तो लंडनला पोचला आणि त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक हाहाकार उडाला. तरी खटपट करून त्याने रोखे खपवले. पुढे १८४१-४२ मध्ये एकामागून एक आठ राज्यांनी आणि फ्लोरिडा प्रदेशाने देणी थांबवली. मेरीलँडने १८४२ मध्ये व्याज बंद केलं.

विचार करा, त्याची काय अवस्था झाली असेल. ज्या इंग्रजांना याने स्वतः रोखे विकले, त्यांना व्याज मिळेना. पेनसिल्व्हेनियाच्या रोख्यांत हात पोळलेले सिडनी स्मिथ नावाचे एक धर्मगुरू अमेरिकेवर जाहीरपणे तुटून पडले होते. अमेरिकन म्हणजे बुडवे, अशी हवा होती. पीबडी मात्र राज्याच्या नेत्यांना पत्रांमागून पत्रं लिहीत राहिला, की कर बसवा पण व्याज द्या. बेअरिंग ब्रदर्स या बड्या पेढीने मेरीलँडमध्ये त्यासाठी पैसे खर्चून लोकमत फिरवण्याची मोहीमच चालवली, तिलाही त्याची साथ होती. आणि भाव कोसळलेले असताना तेच रोखे तो स्वतः विकत घेत राहिला. १८४८ मध्ये मेरीलँडने व्याज पुन्हा सुरू केलं, भाव चढले आणि त्याच्या संपत्तीचा मोठा हिस्सा तिथून आला. राज्याकडून येणं असलेली ६०,००० डॉलरची दलाली त्याने सोडून दिली. विधिमंडळाने आभाराचा ठराव केला.

काहींना यात धूर्तपणा दिसतो. मला दिसत नाही. इतरांना घ्या म्हणून सांगितलेला कागद पडत्या काळात स्वतः धरून ठेवणारा बँकर मी नोकरीत फार क्वचित पाहिला.

१८५१ साल त्याच्या नावाला लंडनमध्ये वजन आलं त्याचं. हाइड पार्कमधल्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेला मोठी जागा मिळाली होती, पण तिची मांडणी करायला अमेरिकेच्या काँग्रेसने पैसेच दिले नाहीत. पीबडीने ३,००० पौंड पुढे केले. मग मॅकॉर्मिकचं कापणी यंत्र आणि कोल्टची पिस्तुलं लोकांना नीट पाहता आली. त्याच वर्षी ४ जुलैला त्याने दिलेल्या मेजवानीला ड्यूक ऑफ वेलिंग्टन आले होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या पंगतीला, लंडनमध्ये!

१८५४ मध्ये त्याने ज्यूनियस मॉर्गन या कनेटिकटच्या हार्टफर्डमध्ये वाढलेल्या व्यापाऱ्याला भागीदार घेतलं. तीन वर्षांनी परत संकट आलं. न्यूयॉर्कमध्ये १८५७ च्या ऑगस्टमध्ये ओहायो लाइफ ही मोठी वित्तकंपनी बुडाली, अमेरिकन व्यापाऱ्यांचे पैसे येईनात आणि इकडे पीबडीच्या सहीच्या हुंड्यांची मुदत तर भरत चाललेली. वर सांगितलेल्या धंद्याची खरी जोखीम ही. मुदत भरली की दुसऱ्याने दिले नाहीत म्हणून चालत नाही. अखेर बँक ऑफ इंग्लंडने आठ लाख पौंडांचं कर्ज मंजूर केलं, इतर पेढ्यांच्या हमीवर. धंदा गुंडाळ म्हणजे मदत करतो, असा दबाव प्रतिस्पर्ध्यांनी आणला आणि त्याने तो धुडकावला, अशी हकिकत सांगतात. पेढी तगली.

१८६४ साली तो निवृत्त झाला तेव्हा आपलं नाव आणि भांडवल दोन्ही त्याने काढून घेतलं. ज्यूनियसला ते लागलं. पेढी जे. एस. मॉर्गन अँड कंपनी झाली. पुढे अमेरिकेतला बडा बँकर झालेला पियरपाँट मॉर्गन हा याच ज्यूनियसचा मुलगा. म्हणजे मॉर्गन घराण्याच्या बँकिंगची पायरी साउथ डॅन्व्हर्सच्या या दुकानदार पोराने घातलेली आहे.

दुसरा प्रश्न. लग्न केलं नाही, आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलं, तासन्‌तास काम. १८५२ मध्ये त्याच्या गावाने स्थापनेची शताब्दी साजरी केली. त्याला जाता आलं नाही, त्याने पत्र पाठवलं. शिक्षण हे चालू पिढीकडून पुढच्या पिढ्यांना असलेलं देणं आहे, असं त्यात लिहिलं होतं आणि सोबत ग्रंथालयासाठी २०,००० डॉलर होते. मला यातच उत्तर सापडतं. त्याच्या मनात दान असं वेगळं खातं नव्हतंच. सगळी देणीच होती आणि देणी मुदतीत फेडायची असतात.

गायत्री_बाल्टिमोर

हुंडीदप्तर काका, वाचताना अंगावर काटा आला. मी बाल्टिमोरला शिकायला होते. माउंट व्हर्नन प्लेसच्या चौकात पीबडी इन्स्टिट्यूट आहे. १८५७ मध्ये त्यांनी तीन लाख डॉलर देऊन तिची सुरुवात केली, इमारत १८६६ साली खुली झाली. पुढे रक्कम वाढत गेली. संगीताचं विद्यालय, व्याख्यानं, चित्रदालन आणि ग्रंथालय असा एकत्र विचार होता. आता ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा भाग आहे.

ग्रंथालयाचं दालन १८७८ चं, म्हणजे त्यांनी ते पाहिलं नाही. मृण्मयी, कधी गेलीस तर चुकवू नकोस. काळ्यापांढऱ्या संगमरवरी फरशीवर उभं राहून वर पाहिलं की पुस्तकांचे पाच मजले चढत जातात, प्रत्येकाला ओतीव लोखंडाचे नक्षीदार कठडे, आणि छताच्या काचेतून उजेड खालपर्यंत उतरतो. मी अभ्यासाला जायचे आणि पहिला अर्धा तास नुसती वर बघत बसायचे. शेजारच्या वर्गांमधून कुणी ना कुणी पियानोचा रियाज करत असायचं. पुस्तकं घरी नेता येत नाहीत, पण आत बसून वाचायला विद्यापीठाचं ओळखपत्र लागत नाही. चार वर्षं शाळा शिकलेल्या माणसाने हे शहराला दिलं, हे मला तिथे बसून फार जाणवायचं.

आणखी एक. त्यांचा भाचा ऑथनिएल मार्श, ज्याच्या शिक्षणाचा खर्च मामांनी केला, तो पुढे डायनोसॉरच्या हाडांचा मोठा अभ्यासक झाला. स्टेगोसॉरस, ट्रायसेराटॉप्स ही नावं त्याने ठेवलेली. येल विद्यापीठाचं पीबडी संग्रहालय त्याच्याच आग्रहातून उभं राहिलं. १८६६ मध्ये मामांनी येल आणि हार्वर्ड दोघांना दीड-दीड लाख डॉलर दिले.

राजन_द

आदर मलाही आहे, पण चित्र पुरं व्हायला हवं. बाल्टिमोर तेव्हा गुलामगिरीच्या राज्यातलं शहर. अटलांटिकच्या ज्या व्यापारावर या पेढ्या उभ्या राहिल्या, त्यातला सर्वांत मोठा माल कापूस, आणि तो गुलामांच्या श्रमातून यायचा. विल्यम लॉइड गॅरिसन यांच्यासारख्या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी पीबडींवर दक्षिणेचे कैवारी म्हणून उघड टीका केली होती.

यादवी युद्धानंतर १८६७ मध्ये त्यांनी दक्षिणेतल्या शिक्षणासाठी निधी स्थापला, एकूण वीस लाख डॉलरच्या वर. उद्देश उत्तम. तिथे सार्वजनिक शाळा जवळपास नव्हत्याच आणि या पैशाने शाळा, शिक्षकांचं प्रशिक्षण उभं राहिलं. पण निधीचे व्यवस्थापक बार्नास सिअर्स यांनी गोऱ्या-काळ्या मुलांच्या एकत्र शाळांना मदत नाकारली आणि काळ्या मुलांच्या शाळांना गोऱ्यांच्या दोन तृतीयांश दर लावला. हा निर्णय पीबडींच्या हयातीत सुरू झालेल्या यंत्रणेचाच होता.

लंडनमध्ये गरिबांसाठी त्यांच्या पैशातून बांधलेल्या घरांचंही तसंच. १८६२ मध्ये दीड लाख पौंड जाहीर केले, पुढे एकूण पाच लाख दिले. पहिली इमारत १८६४ मध्ये स्पिटलफील्ड्सला कमर्शियल स्ट्रीटवर. भाडं नियमित भरू शकणारा कामगार तिथे राहू शकला, रोजंदारीवरचा सर्वांत गरीब माणूस बाहेरच राहिला. वर नियमांचा जाच. देवी टोचून घेतल्याशिवाय घर नाही, रात्री अकराला दरवाजा बंद.

मृण्मयी_लंडन

राजन, हे कुणी तरी लिहायलाच हवं होतं. काका, तुमचं यावर काय मत? आणि एक शंका, बाकीच्या राज्यांचं काय झालं? सगळ्यांनी मेरीलँडसारखे पैसे परत केले का?

हुंडीदप्तर

राजन, कापसाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. हुंडीवर मालाचं नाव असतं, तो पिकवणाऱ्याचं नसतं. त्या काळच्या लंडन, लिव्हरपूल, न्यूयॉर्कच्या एकाही पेढीला यातून सुटका नाही. दोन तृतीयांशचा दर तर अन्यायच होता. तो सौम्य शब्दांत मांडायची माझी इच्छा नाही.

घरांच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. भाडं ठेवलं म्हणून तो निधी जिवंत राहिला. भाड्यातून जे उरायचं त्यातून पुढची इमारत उभी राहायची, कुणाच्या खिशात नफा जायचा नाही. फुकट घरं दिली असती तर पाच लाख पौंड एकदा खर्च होऊन संपले असते. आज दीडशेहून जास्त वर्षांनंतर ती संस्था लंडनमध्ये घरं चालवतेय आणि मृण्मयीची सहकारी त्यातल्याच एका घरात राहतेय. सर्वांत गरिबांपर्यंत ती पोचली नाही, हेही तितकंच खरं. त्यांच्यासाठी नगरपालिकांना पुढे यावं लागलं आणि ते काम पीबडीसारख्या एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

आता मृण्मयीची शंका. नाही, सगळ्यांनी नाही केले. मिसिसिपीने आपल्या दोन बँकांना भांडवल पुरवायला रोखे काढले होते, युनियन बँक आणि प्लँटर्स बँक. नावाप्रमाणे दुसरी बँक मळेवाल्यांची, म्हणजे राजन म्हणतात तो कापूस इथेही आहेच. हे देणं आम्हाला मान्यच नाही, असं म्हणून राज्य मोकळं झालं. पीबडीकडे प्लँटर्स बँकेचे रोखे बरेच होते. १८६७ च्या शिक्षण निधीत त्याने लगेच वापरता येतील असे दहा लाख डॉलर दिले आणि त्याशिवाय हे मिसिसिपीचे रोखे दिले, व्याज धरून सुमारे अकरा लाखांचे.

मला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. बुडीत कागद दिला असं म्हणून लोक हसू शकतात. पण मेरीलँडचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. आज ना उद्या राज्य शुद्धीवर येईल आणि पैसे देईल, आणि दिले तर ते मिसिसिपीसारख्याच राज्यांतल्या मुलांच्या शाळांना मिळतील, असा त्याचा हिशेब होता. राज्याने आपलं देणं आपल्याच मुलांना फेडावं, याहून सोपी मागणी कुठली असणार?

मिसिसिपीने ती फेटाळली. नुसती फेटाळली नाही, १८९० च्या राज्यघटनेत कलम २५८ म्हणून लिहून ठेवलं की युनियन बँक आणि प्लँटर्स बँकेच्या रोख्यांचे पैसे राज्य कधीही देणार नाही. निधी १९१४ साली बंद झाला. उरलेल्या रकमेचा मोठा भाग नॅशव्हिलच्या शिक्षक महाविद्यालयाला गेला, ते आता व्हँडरबिल्ट विद्यापीठात आहे. रोख्यांचा एक डॉलरही आला नाही.

गायत्री, तुम्ही संगीत विद्यालयाबद्दल अजून लिहा ना, इथे किंवा वेगळ्या धाग्यावर. मला तिथली शिकवण्या-शिकण्याची पद्धत वाचायला आवडेल.

गायत्री_बाल्टिमोर

नक्की लिहीन काका. तोवर मृण्मयीसाठी: साउथ डॅन्व्हर्सने १८६८ मध्ये आपलं नावच बदलून पीबडी ठेवलं. तिथल्या ग्रंथालयात राणी व्हिक्टोरियाने त्यांना दिलेलं तिचं छोटं मीनाकाम केलेलं चित्र जपून ठेवलेलं आहे. सरदारकी त्यांनी नाकारली होती, म्हणून राणीने चित्र दिलं. ४ नोव्हेंबर १८६९ ला लंडनमध्ये ते गेले तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रार्थना झाली, काही काळ शवपेटी तिथेच ठेवली होती. पण गावीच पुरावं अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती, म्हणून 'मोनार्क' या ब्रिटिश युद्धनौकेतून त्यांना अमेरिकेला नेलं. कबर सेलमच्या हार्मनी ग्रोव्हमध्ये आहे, गावापासून अगदी जवळ. बॉस्टनला कुणी जाणार असेल तर दोन्ही एका दिवसात बघून होतं.